तीन नंबरचा खण

अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात
हिशेबनीस बिराजदार मला दाराशीच गाठतात:
"त्याचा तिसरा डोळा लाल झालाय बे."
म्हणजे तीन नंबरची हार्ड डिस्क.
आठांतली एक गेली, सात जणी ओढतायत.
आणखी एक गेली की
दहा वर्षांची सुताची खरेदी, कामगारांचा फंड,
जर्मनीच्या हॉटेलांना गेलेला माल,
सगळं राम म्हणणार.

कंपनीची डिस्क: अडतीस हजार, सहा आठवडे.
नव्या पेठेत शहाकडे: साडेनऊ, आत्ता, बिल पाहिजे का?

शेठ म्हणाले, साडेनऊ.
कंपनीचा माणूस पुण्याहून फोनवर म्हणाला,
घाला की. उद्या काही झालं तर आम्ही नाही.
मग बिराजदारांनी लेटरहेडवर चार ओळी टाइप केल्या
आणि खाली माझी सही घेतली.
दासरी ल. पो.
पो. म्हणजे पोशट्टी. माझा बाप.

मेलेली डिस्क ट्रेमधून सोडवली.
चार स्क्रू, एकाचं डोकं झिजलेलं.
कंपनीचं स्टिकर गरम हवेनं कोपऱ्यात उचललं होतं,
नखानं ओढलं.
खाली दुसरं स्टिकर.
शहाच्या डिस्कवरचंच नाव, थायलंडचा तोच कारखाना,
नंबराचं शेपूट तेवढं वेगळं.
बिराजदारांना दाखवलं.
ते म्हणाले, "मला काय दाखवतोस? मशीनला दाखव."

मशीनला दाखवली.
खण बंद केला. खट्.
आधी काहीच नाही.
मग सगळे पंखे एकदम उठले,
टेबलावरची चलनं उडाली,
आणि स्क्रीनवर ओळ: अनोळखी डिस्क. तापमान कळत नाही.
दिवा हिरवा नाही, लाल नाही. जर्द.

तापमान कळत नाही!
बाहेर मे महिना, त्रेचाळीस,
गेटवरच्या कुत्र्यालासुद्धा कळतंय.
डिस्क सांगतेय बिचारी, पण ह्याच्या बोलीत नाही,
म्हणून हा धरून चालतो, ती पेटलीच आहे.

तरी हाकललं नाही.
भरणी सुरू झाली. एक टक्का.

रात्रभर बसायचं.
बापानं एकदा ट्रकच्या टायरातून पिकर कापला होता,
आमच्या स्वयंपाकघरातल्या विळीवर.
लूम जरा जाड आवाजात बोलायला लागला,
पण चादरीतला मोर तोच, पिसंही तेवढीच.
धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे.
लूमनं कधी विचारलं नाही, हा तुकडा कुठला.
मालकानं विचारलं.
आणि सात रुपये कापले.

आम्ही घरी तेलुगू बोलतो.
शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी नाव विचारलं, मी सांगितलं,
त्यांना लागलं नाही, मी पुन्हा सांगितलं,
मोठ्यानं, मग आणखी मोठ्यानं.
हे उगाच आठवलं.
एकोणचाळीस टक्के.

पहाटे पाचला शंभर.
सगळ्या खात्यांचे आकडे जुळले, पैशासकट.
दिवा जर्दच. पंखे ओरडतायतच.
बिराजदारांनी दिव्यावर
उदबत्तीच्या पुड्याचा कागद चिकटवला.
"आणि ह्या आवाजाचं?"
म्हटलं, होईल सवय.

झाली.
पाऊस येऊन गेला, दिवाळीची ऑर्डर येऊन गेली,
बिराजदार आता फोनवरही ओरडूनच बोलतात,
घरीसुद्धा, असं त्यांची मिसेस म्हणते.

काल रात्री साडेअकराला फोन. हळू आवाजात.
"दासरी, थांबलाय बे आवाज."

बरं झालं की, असं मी म्हणालो नाही.
आमच्या गल्लीत लूम चोवीस तास चालायचे
आणि आम्ही पोरं गाढ झोपायचो.
थांबले, की आई
अंधारात उठून बसायची.

मी पँट चढवली.
गाडीची किल्ली शोधतोय.